वर्धापनदिन, वाढदिवस की जयंती? टीव्हीच्या तारखांना कुठला शब्द लावायचा

प्रश्न : टीव्हीच्या इतिहासातल्या दिनविशेषांची यादी करायला घेतली आहे आणि शब्दावरच अडकले. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. त्या तारखेला कुणी 'दूरदर्शनचा वाढदिवस' लिहितं, कुणी 'वर्धापनदिन', आणि एका ठिकाणी चक्क 'दूरदर्शन जयंती' वाचलं. मग 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' मालिका सुरू झाली, त्या दिवसाला काय म्हणायचं? आणि स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, त्यांच्या 17 ऑक्टोबरला? एकच शब्द सगळीकडे चालवता येईल का?

उत्तर : नाही. माणूस हयात असेल तर वाढदिवस, नसेल तर जयंती, संस्था असेल तर वर्धापनदिन. विषय संपला.

उत्तर : संपला कसा? मालिका राहिलीच की. ती माणूस नाही, संस्थाही नाही.

माझ्या मते खरी विभागणी माणूस आणि संस्था अशी नाहीच, चालू आणि थांबलेलं अशी आहे. वर्धापनात 'वृध्' धातू आहे, वाढणं. जे अजून चालू आहे त्याचाच वर्धापनदिन. 'रामायण' 31 जुलै 1988 ला संपलं. 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पुन्हा लागलं हे खरं, पण ते पुनःप्रक्षेपण, वाढ नव्हे. तिथे 'पहिल्या भागाला इतकी वर्षं झाली' असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

टीव्हीच्या आद्य संशोधकांपैकी एक, बेअर्ड, त्याचं बघा. जॉन लोगी बेअर्डचा जन्म 13 ऑगस्ट 1888 चा, ती जयंती. त्याने 26 जानेवारी 1926 ला लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरच्या माडीवर, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना हलती चित्रं दाखवली. ती घटना. घटनेला वर्धापन नसतं, तिची शताब्दी होते, आणि 2026 ही त्याच शताब्दीची साल. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 ला अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं, त्याचा मात्र वर्धापनदिन. मजा म्हणजे युद्धामुळे सप्टेंबर 1939 ते जून 1946 तो पडदा बंदच होता. म्हणजे माझा नियम काटेकोर लावला तर मधली जवळजवळ सात वर्षं वजा करायला हवीत. कुणी करत नाही, आणि बरोबरच आहे. आजाऱ्याचं वय कुणी थांबवत नाही.

उत्तर : थोडी भर. संस्कृतात 'वर्धापन' हा माणसाच्याच वाढदिवसाचा विधी आहे, नाळ कापण्याशी जोडलेला. हिंदीतली 'बधाई' त्याच घराण्यातली. संस्थांनी हा शब्द पुढे मराठीत आपलासा केला आणि माणसाकडे 'वाढदिवस' उरला. दोन्हींचं मूळ एकच. तेव्हा 'दूरदर्शनचा वाढदिवस' चूक नाही, फक्त घरगुती आहे. मुलांच्या पानावर शोभेल, निमंत्रणपत्रिकेवर नाही.

'दूरदर्शन जयंती' मात्र हिंदीच्या सावलीतली. तिकडे संस्थेची 'रजत जयंती' होते, आपल्याकडे रौप्यमहोत्सव. मराठी कानाला जयंती म्हटलं की समोर हार घातलेली तसबीर दिसते. म्हणूनच दिलीप प्रभावळकरांसारख्या हयात कलावंताला 4 ऑगस्टला कुणी 'जयंतीच्या शुभेच्छा' लिहिल्या की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सोबतचा शब्दही जपा : हयात व्यक्तीचं अभीष्टचिंतन, दिवंगताला अभिवादन. फ्लेक्सवर ही अदलाबदल सर्रास होते.

उत्तर : शब्दापेक्षा आकडा जास्त फसवतो. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. त्याचा पन्नासावा वर्धापनदिन 2 ऑक्टोबर 2022 ला. पण 'सुवर्णमहोत्सवी वर्ष' म्हणाल तर ते 2021 च्या 2 ऑक्टोबरला लागलं, कारण तेव्हा पन्नासाव्या वर्षात पदार्पण झालं. पु. ल. देशपांड्यांचं तसंच. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्या या माणसाचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा, तरी जन्मशताब्दी वर्ष 2018 च्या नोव्हेंबरातच सुरू झालं. 'पदार्पण' आणि 'पूर्ती' हे दोन शब्द नीट वापरले की घोळ होत नाही. घरातली एकसष्टी घ्या : साठ पुरी होऊन एकसष्टावं लागलं की आपण ती करतो, म्हणजे चालू वर्षाच्या नावाने. महोत्सवाला आपण पूर्तीचा आकडा धरतो. दोन्ही पद्धती भाषेत सुखाने नांदताहेत, फक्त एकाच वाक्यात आणू नका.

आणि कुठली तारीख धरता तेही लिहा. 1959 ला जे सुरू झालं ते आकाशवाणीच्याच छत्राखाली होतं. दूरदर्शन वेगळं झालं 1 एप्रिल 1976 ला. 'स्थापना' म्हणायचं की 'प्रक्षेपणाला प्रारंभ', हा प्रश्न तिथे येतोच. मी '1959 : प्रक्षेपणाला प्रारंभ' असं लिहिलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती : आभार, यादी आता सुटसुटीत होईल. स्मिता पाटील यांच्या 13 डिसेंबरला (1986) पुण्यतिथी लिहू की स्मृतिदिन?

उत्तर : तारखेने पाळताय तर स्मृतिदिन. पुण्यतिथीत तिथी आहे, ती पंचांगाने सरकते. वर्तमानपत्रं हा भेद कधीच सोडून बसली आहेत, त्यामुळे पुण्यतिथी लिहिलंत म्हणून कुणी भांडणार नाही. 'वर्धापनदिन' मात्र जोडून लिहा, सामासिक शब्द आहे, आणि 'वर्धापण' तर अजिबात नको. यादीत 21 नोव्हेंबरचा जागतिक दूरचित्रवाणी दिन घेणार असाल तर त्यापुढे यातलं काहीच लावू नका. तो संयुक्त राष्ट्रांनी 1996 मध्ये ठरवून दिलेला, पाळायचा दिवस आहे.