मदत हवी आहे: यूटीसी ‘टीएम’पासून सेकंद, लिनक्स आणि विंडोजवर सारखेच

भाषा सी११, बाहेरची लायब्ररी चालणार नाही, लीप सेकंद नकोत. ‘टीएम’ म्हणजे सी मधलं तारीख-वेळेचं स्ट्रक्चर; सेकंद हवेत ते १ जानेवारी १९७०, ००:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पासूनचे. १ जून १९६५, ००:०० यूटीसी दिल्यावर -१४४७२०००० यायला हवं.

‘टीएम’चे सेकंद करणारं सी चं फंक्शन एमकेटाइम स्थानिक वेळ धरतं. टीझेड (टाइमझोन ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) बदलून पाहिलं, पण तो बदल अख्ख्या प्रोसेसला लागतो आणि दुसऱ्या थ्रेडच्या वेळा बिघडतात. हेच काम यूटीसी धरून करणारं टाइमजीएम विंडोजवर नाही; तिथलं _एमकेजीएमटाइम या तारखेला सरळ -१ देतं.

म्हणून ६४-बिट पूर्णांकांत दिवस मोजतोय, लीप वर्षाचा ४/१००/४०० चा नियम लावून. अडतंय महिन्यापाशी: टीएम_मॉन (महिना, जानेवारी = ०) -१ आला की सी मध्ये -१/१२ म्हणजे ०, बाकी -१, आणि महिन्यांच्या दिवसांच्या ॲरेचा इंडेक्स ऋण होतो. बाकी ऋण आली तर १२ मिळवून वर्षातून १ वजा करतो.

एवढं केल्यावर दिवस, तास, मिनिटं मर्यादेबाहेरची असली तरी नुसत्या बेरजेत घेतली, तर उत्तर टाइमजीएमशी कायम जुळेल का?