बुयान बेट नकाशावर शोधायचं कशाला?

निवडुंग:
सोव्हिएत रशियातून येणारी मराठी गोष्टींची पुस्तकं ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांना न मरणारा दुष्ट जादूगार कोश्चेई आठवत असेल. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी ओकच्या झाडाशी. ते झाड बुयान बेटावर. आपल्याकडे राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, त्याचाच हा भाऊबंद.

हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळतं की बुयान म्हणजे जर्मनीचं बाल्टिक समुद्रातलं र्‍यूगेन. मला हे अजिबात पटत नाही. बुयानचं खरं घर गोष्टींत नाही, मंत्रांत आहे. रक्त थांबवायचा एक रशियन मंत्र आहे. समुद्रात, महासागरात, बुयान बेटावर एक मुलगी बसली आहे, शिवणकामात तरबेज. पोलादी सुईत रेशमाचा धागा ओवून ती रक्ताळलेल्या जखमा शिवते आहे. धाग्या, तूट, रक्ता, गोठ! हे पुटपुटणाऱ्या म्हातारीला बेटाचा पत्ता नको होता. जिथे कुणालाच जाता येत नाही तिथे बसलेली बाई माझ्या नातवाची जखम शिवते, हाच तिचा भरवसा. पत्ता सापडला की मंत्रातला जीवच जातो.

दर्याकिनारी:
असहमत. र्‍यूगेनवर रानी नावाची स्लाव्ह जमात राहायची आणि बेटाचं स्लाव्ह नाव होतं रुयाना. बेटावरच्या अर्कोनाच्या कड्यावर स्वांतोवित या देवाचं देऊळ होतं, आत चार डोक्यांची प्रचंड लाकडी मूर्ती. डॅनिश इतिहासकार साक्सो लिहितो की पुजारी गाभारा झाडताना श्वास रोखून धरायचा आणि श्वास सोडायला दर वेळी दाराकडे धावायचा, देवाला माणसाचा श्वास लागू नये म्हणून. ११६८ साली राजा पहिला वाल्देमार आणि बिशप आब्सालोन यांनी ते देऊळ पाडलं. मूर्तीची लाकडं फोडून सैन्याने त्यांवर स्वयंपाक केला. एवढं मोठं दैवत चुलीत गेलं, तर त्याची आठवण कुठेतरी उरणारच ना?

शिवाय बुयानवर अलातिर नावाचा जादूचा दगड असतो, त्याला ‘पांढरा, जळता’ म्हणतात. र्‍यूगेनचे कडे खडूचे, पांढरेशुभ्र. आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडणारा अंबर काडी लावली की पेटतो.

निवडुंग:
अंबर पेटतो, पण तो मधाच्या रंगाचा. कडे पांढरे, पण ते पेटत नाहीत. एका दगडासाठी दोन पुरावे जोडावे लागतात, तिथेच मला शंका येते.

नावाचंही तसंच. ‘बुयान’ हा रशियनमधला साधा शब्द आहे. वारा झोडपतो असा उघडा उंचवटा, किंवा माल उतरवायचा धक्का. सेंट पीटर्सबर्गमध्ये तुच्कोव्ह बुयान आहे, तिथे अठराव्या शतकात तागासारख्या हेंप नावाच्या धाग्याचं कोठार होतं. तिथे कुणी देव शोधत नाही.

आणि भरती-ओहोटीबरोबर बुयान दिसतं नि बुडतं म्हणतात, त्याचं काय? र्‍यूगेनच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी वीतभरही चढत नाही. ही कल्पना समुद्रावर जगणाऱ्यांची असेल, तर ती रशियाच्या उत्तरेच्या श्वेत समुद्राकडची असायला हवी. तिथे मेझेनच्या आखातात पाणी कित्येक मीटर चढतं.

चकवा:
तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. उत्तरेकडे बेटं खरोखर नाहीशी होतात. याकोव्ह सानिकोव्ह या रशियन शोधकाला १८१० च्या सुमारास सायबेरियाच्या उत्तरेकडच्या कोतेल्नी बेटाच्या उत्तरेला जमीन दिसली. १८८६ मध्ये बॅरन टोल या रशियन ध्रुवीय संशोधकालाही ती दिसल्यासारखी वाटली. मग तो मोहीम घेऊन तिच्या शोधात गेला आणि १९०२ मध्ये बेनेट बेटावरून परतताना साथीदारांसह बेपत्ता झाला. ती जमीन कुणालाच सापडली नाही. ते मृगजळ असेल. पण त्याच भागातल्या लाप्तेव्ह समुद्रातली सेम्योनोव्स्की आणि वासिलेव्स्की ही बेटं नकाशावर होती, लोक तिथे उतरले होते. आत गोठलेला बर्फ आणि वर माती. लाटांनी कड खाल्ली, बर्फ वितळला, विसाव्या शतकात दोन्ही गेली.

निवडुंग:
सुंदर माहिती, पण सानिकोव्हची जमीन ही लोककथा नाही. टोल तिच्यापायी जिवाला मुकला, कारण त्याला ती नकाशावर मांडायची होती. मंत्र म्हणणाऱ्या म्हातारीला तसं काही करायचं नव्हतं.

दर्याकिनारी:
भरतीचा मुद्दा मान्य, तो मी मागे घेते. पण अर्कोनाचा कडा अजून ढासळतोय. तटबंदीचा एक भाग उरलाय, देवळाच्या आवाराचा बराचसा भाग केव्हाच खाली समुद्रात गेला. पुजारी जिथे श्वास सोडायला धावायचा, तो उंबरठा आज बहुधा पाण्यात आहे. ही नाहीशी होणारी जागा नाही, असं मला कसं म्हणता येईल?