लोड टेस्टिंग अन् स्ट्रेस टेस्टिंग, मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: नांदेडला क्लासमधी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवते, पोरं लोहा, कंधार, मुखेडकडची, मराठी माध्यमातली. लोड टेस्टिंग म्हणजे भारचाचणी म्हणलं की पटकन कळतं, भारनियमनानं तेवढं तरी भलं केलंय. पण स्ट्रेसला ताणचाचणी म्हणलं की दोन्ही एकच समजायलेत. दुसरा शब्द हाय का कुणाकडं?

लातुरी: ताई, ताण नकोच. पृष्ठताण आठवा, तिथं ताण म्हणजे टेन्शन. यांत्रिकीच्या पुस्तकातलं प्रतिबल घेतलं तर पोरं उठून जातील.

पैठणगेट: शब्दाआधी फरक बगा. लोडमधी आपल्याला आकडा माहीत असतो, म्हणजे एका वेळी ५०० लोक येणार हायत तर ५०० जणांत साईट नीट चालती का एवढंच बघायचं, जेमीटरमधी (साईटवर खोटी गर्दी सोडायचं टूल) १०० थ्रेड म्हणजे खोटे युजर अन् ते सगळे आत यायला १०० सेकंद रॅम्प-अप दिला तर सेकंदाला एक नवा युजर आत येतो, असं हळूहळू चढवायचं. अन् नुसती सरासरी बघू नका. ९० जणांना १ सेकंद लागला अन् १० जणांना २० सेकंद, तरी सरासरी २.९च येती, रिपोर्ट झकास, ते १० जण मात्र शिव्या घालायलेत. म्हणून पंच्याण्णवावा शतमक (पर्सेंटाइल, म्हणजे १०० पैकी ९५ जणांचं काम किती वेळाच्या आत झालं तो आकडा) बघायचा, तिथं २० सेकंद उघडे पडतात.
स्ट्रेसमधी मुद्दाम मोडायचंच असतं. डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसकडं जायच्या ठरावीक वाटा, भरला की पुढच्या रिक्वेस्ट रांगेत, मग टाइमआऊट, मग लोक दणादण रिफ्रेश मारतात अन् भार अजून वाढतो. कुठं मोडली, मोडताना ५०३ चा (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) मेसेज तरी नीट दाखवला का, अन् गर्दी ओसरल्यावर आपली आपण उठली का, हे बघायचं. हे शेवटचं तर निम्मे लोक तपासतच नाहीत.

बालाघाट: मग मेटाकुटी चाचणी म्हणा की! साईट मेटाकुटीला येईस्तोवर हाणायची.

गोदाकाठ: 😂 हे पोरं जन्मात विसरायची नाहीत. पण परीक्षेत लिहायचं कसं ओ?

लातुरी: लिहायला क्षमताभंग चाचणी, बोलायला मेटाकुटी. इंटरव्ह्यूत मात्र स्ट्रेस टेस्टिंगच म्हणा, तिथं मराठी चालत नाही.

पैठणगेट: भंग खटकतंय, पुन्हा उठायचा भाग त्यात येतच नाही. मला मेटाकुटीच बरं वाटतंय, मेटाकुटीला आलेला माणूस काय मरत नसतो. अन् निकाल दुपारी १ ला लागतो तेव्हा एकदम लोंढा येतो, त्याला स्पाइक टेस्ट, ती लोंढाचाचणी करून टाका.

बालाघाट: अन् सोक टेस्टिंग? तोच भार तासन् तास ठेवायचा, मेमरी कुठं गळती का बघायला. भिजत घोंगडं चाचणी!

गोदाकाठ: नको भाऊ, आमच्या हेडना वाटंल सिलॅबसच तसा पडलाय.