चिलखती गाडी हवी, पण जाब कोण देणार?

गुन्हेगारांकडे रायफली असताना पोलिसांनी काठ्या घेऊन जायचं का, असं पोलिसांना लष्करी सामग्री द्यावी म्हणणारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतला अनुभव पाहता खरी अडचण शस्त्रं कोणत्या कामाला बाहेर काढली जातात ही आहे. तिथे १९९७ पासून '१०३३ कार्यक्रमा'खाली लष्कराची जादा सामग्री, अगदी सुरुंगरोधक गाड्यासुद्धा, स्थानिक पोलिसांना जवळजवळ फुकट मिळते. मेख अशी की ती वर्षभरात वापरात आणावी लागते. मग ओलीस सोडवायला उभारलेलं स्वॅट पथक, म्हणजे पोलिसांचं खास सशस्त्र पथक, ड्रग्जच्या झडतीलाही जायला लागतं.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात ब्रिओना टेलर या तरुणीच्या घराचं दार ड्रग्जच्या झडतीसाठी मध्यरात्रीनंतर फोडलं गेलं. स्वॅट नव्हतं, साध्या वेशातले पोलीस होते, पण पद्धत तीच. तिच्या मित्राला घुसखोर वाटले, त्याने एक गोळी झाडली. पोलिसांनी ३२ झाडल्या. ती गेली, आणि तिच्या घरात ड्रग्ज सापडलेच नाहीत. हे वाचून आजही संताप येतो.

आणि दाद मागायची कुठे? 'क्वालिफाइड इम्युनिटी'मुळे, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांना दाव्यांपासून मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणामुळे, जवळपास तशाच घटनेवरचा जुना निकाल दाखवता आला नाही, तर पोलिसावरचा नुकसानभरपाईचा दावा बहुधा सुरुवातीलाच निकालात निघतो. भरपाई मिळालीच तर ती शहराच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. ओबामांनी २०१५ मध्ये पोलिसांना मिळणाऱ्या लष्करी सामग्रीवर घातलेले निर्बंध ट्रम्पनी २०१७ मध्ये उठवले. असे नियम कायद्यातच हवेत, आणि प्रत्येक छाप्याची नोंद जाहीर करणं पोलिसांवर बंधनकारक हवं.