मदत हवी आहे: पुराच्या पाण्यात राहिलेले टिनचे डबे (लेबलं गेली!) ठेवावेत की टाकावेत?

ओट्यावरची · 2 सप्टेंबर 2024

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय, सामा भागातून. विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते बातम्यांत पाहिलं असेलच. धोक्याची खूण 25 फुटांची, आणि पाणी 35 च्या वर गेलं. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे होतो, माणसं सगळी सुखरूप. वीज आली, चिखल निघाला, नदीतली मगर आवारात आलेली नाही एवढं वॉचमनकाकांनी काठी आपटत फिरून सांगितलं. आता गाडी स्वयंपाकघरावर आलीय.

ओट्याखालच्या कडप्प्यावर सासूबाईंचा डब्यांचा साठा असतो. केशर आंब्याचा रस, अननसाच्या चकत्या, रसगुल्ले, कंडेन्स्ड मिल्क, मक्याचे दाणे, मशरूम, मुलाचे बेक्ड बीन्स. सगळे पाण्यात होते. डबे दिसायला धड आहेत, पण कागदी लेबलांचा लगदा होऊन गेला. समोर नुसते चकचकीत पत्र्याचे डबे मांडलेत आणि कशात काय आहे ते देवाला ठाऊक.

सासूबाईंचं म्हणणं, "लोखंडाचा डबा आहे, सीलबंद. पाणी आत जाईल कसं?" नवरा म्हणतो सगळं कचऱ्यात. शनिवारी गणपती, मग गौरी, आणि गौरीच्या पानात आमरस हवाच हा आमच्याकडचा शिरस्ता. त्यामुळे प्रश्न थोडा तातडीचा आहे. काय ठेवू, काय टाकू, न उघडता आत काय आहे ते ओळखता येतं का, आणि यापुढे हे डबे ठेवायचे तरी कुठे?

अजून एक भानगड. सासूबाई पूर्ण शाकाहारी. मुलाने त्यांच्या नकळत टूना माशाचे डबे मागच्या बाजूला लपवून ठेवले होते. तेही याच ढिगात आहेत.

पेठकर

सगळं टाका. रसाचा एक डबा तो किती रुपयांचा, आणि दवाखान्याचं बिल किती?

ओट्यावरची

पेठकर, एक डबा नाही हो, कपाट आहे. आणि पुरात फ्रीज, गाद्या, मिक्सर आधीच गेलंय. जे वाचवता येईल ते वाचवायचंय.

सीमवाला

ताई, मी बरीच वर्षं वलसाडकडे आंब्याच्या रसाच्या कारखान्यात काढली, आता निवृत्त. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा आणि हेही सांगा की डबा लोखंडाचा आहे म्हणून बंद नसतो, तो शिवणीमुळे बंद असतो. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत अडकवून दोनदा दाबतात, मध्ये रबरासारखं सीलिंग कंपाउंड असतं. याला डबल सीम म्हणतात. सगळी सुरक्षितता त्या काही मिलिमीटरच्या पट्टीत आहे.

आता मेख पाहा. माल गरम असताना डबा बंद होतो, थंड झाल्यावर आत निर्वात पोकळी तयार होते. झाकण थोडं आत गेलेलं दिसतं ते त्यामुळेच. म्हणजे शिवणीला केसाएवढी फट असली तर डबा बाहेरचं पाणी ओढून घेतो. कारखान्यात डबे थंड करायचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, ते याच कारणाने. 1964 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला टायफॉइडची मोठी साथ आली, 400 हून जास्त माणसं आजारी पडली. मूळ निघालं अर्जेंटिनात भरलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यात. तो थंड करायला नदीचं शुद्ध न केलेलं पाणी वापरलं होतं. तुमचे डबे तर विश्वामित्रीत बसून होते, आणि त्या पाण्यात बडोद्याची गटारंही होती.

म्हणून सगळं टाकायचं असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची पुरानंतरची सूचना आहे, आम्हीही तीच मानायचो: पूर्ण धातूचा, कुठेही न बिघडलेला, कारखान्यात भरलेला डबा नीट धुऊन निर्जंतुक केला तर ठेवता येतो. फिरकीचं झाकण, दाबून बसवलेलं झाकण, बाटलीचं बूच आणि रिंग ओढून उघडायचे डबे मात्र टाकायचे. रिंगच्या झाकणावर पत्रा एका रेषेत मुद्दाम पातळ केलेला असतो, शिवाय रिंगखाली आणि ती जोडणाऱ्या रिव्हेटच्या (खिळ्याच्या) भोवती चिखल बसतो तो धुऊन निघत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं गेलंच समजा. घरी भरलेली मुरंबा-लोणच्याची बरणी, झाकण कितीही घट्ट असलं तरी, टाका. इथे सासूबाई चिडतील, चिडू द्या.

आधी फुगलेले, गळणारे, शिवणीवर पोचा असलेले बाजूला काढा. अंगावरचा पोचा उथळ असेल तर चालतो, बोट आत बसेल इतका खोल असेल तर नाही. गंज फडक्याने पुसून निघाला तर ठीक. खरवडून खड्डे दिसले तर डबा टाका.

उरलेल्यांचा उरलासुरला कागद काढा, साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, शिवणीच्या खाचेत विशेष. स्वच्छ पाण्याने धुवा. मग मोठ्या पातेल्यात डबे बुडतील इतकं पाणी घेऊन उकळी आणा, उकळी आल्यावर आणखी 2 मिनिटं. किंवा बिनवासाचं घरगुती ब्लीच, एक मोठा चमचा (15 मि.ली.) सुमारे 3.8 लिटर पिण्याच्या पाण्यात, त्यात 15 मिनिटं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. गॅस चालू असेल तर उकळणंच बरं. नंतर उघड्यावर वाळवा, निदान तासभर, आणि मगच उघडा.

मीठमिरी

सीमवाला काका, जबरदस्त! मी यात एकच भर घालते: आधी फोटो काढा. डब्याच्या बुडावर शाईने छापलेली तारीख आणि बॅच नंबर असतो, तो घासताना किंवा ब्लीचमध्ये जाऊ शकतो. लेबल गेलं तरी ओळखीची ती शेवटची खूण. फोटो काढून प्रत्येक डब्याच्या झाकणावर पर्मनंट मार्करने नंबर घाला. झाकणावरच, अंगावर नाही. फळीवर डबे एकावर एक चढवले की अंगावरचं मागे जातं.

आता ओळखायचं कसं. एकाच प्रकारच्या डब्यांवर एकच बॅच नंबर असेल तर आतला मालही बहुधा एकच. म्हणजे त्यातला एक उघडला की बाकीच्यांचं गूढ उकललं. आकारावरूनही कळतं. 850 ग्रॅमचा उंचसर डबा असेल तर आंब्याचा रस किंवा अननस. कंडेन्स्ड मिल्कचा नेहमीचा डबा 400 ग्रॅमच्या आसपासचा, आकाराच्या मानाने जड, हलवला तर आवाज नाही. रसगुल्ले हलवले की पाक डुचमळतो आणि मागून मऊ धप्प. रस आणि अननस यांतला फरकही हलवूनच, रसाचा डबा सुस्त असतो. वजनकाटा आहे ना? ठेवून बघा. हे शंभर टक्के नाही, पण निम्मा ढीग लागतो.

आणि काका, टूनाबद्दल बोला. मला झोप येणार नाही.

सीमवाला

टूना बहुतेक बुटक्या, रुंद डब्यात येतो, आणि तोही बऱ्याचदा रिंगवाला. रिंगवाले टाकायचेच आहेत. तुमच्या घरातली शांतता शास्त्राने वाचवली म्हणायची.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. आंबा, अननस, टोमॅटो आंबट, त्यांचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली. त्यात बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू वाढत नाही, म्हणून आम्ही रसाचे डबे उकळत्या पाण्यातच शिजवत असू. मका, मशरूम, वाटाणे, बीन्स यांना ते पुरत नाही, त्यांना दाबाखाली 121 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे शंका आंब्याच्या डब्याबद्दल आली तर ती लहान, मशरूमच्या डब्याबद्दल आली तर मोठी. बोट्युलिझमच्या विषाला वास असतोच असं नाही, म्हणून "चाखून बघू" हा मार्ग बंद. मशरूम-मक्याच्या डब्याबद्दल तिळमात्र संशय असेल तर तो टाकाच.

ओट्यावरची

काका, मीठमिरीताई, खूप खूप आभार. दुपार यातच गेली. नवऱ्याला वजनकाट्यावर बसवलं (म्हणजे डबे तोलायला!), मुलाने फोटो काढले, सासूबाईंनी ब्रश हातात घेतला. रिंगवाले वेगळे काढले, मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. घरचा लिंबाचा मुरंबा गेला त्याचं मात्र घरात सुतक आहे.

रसाचे डबे बॅच नंबरवरून जुळले. कडेला जरा गंज होता, पुसून निघाला. पण एक मक्याचा असावा असा डबा उघडल्यावर आतून काळपट दिसला. घाबरून तसाच ठेवलाय. टाकू ना?

सीमवाला

डब्याची आतली भिंतच काळपट आहे की दाणे? भिंतीवर काळे-जांभळे पट्टे असतील आणि दाणे पिवळे असतील तर ते मक्यातल्या गंधकाचं आणि पत्र्याचं काम, अपाय नाही. मका, वाटाणे, मासळी यांच्यात दिसतं. अननसाच्या डब्यात याच्या उलट, आतला पत्रा कोरा कथलाचा ठेवतात म्हणजे फळाचा रंग उजळ राहतो. तिथे भिंतीवर स्फटिकासारखी नक्षी दिसते, तीही चालते. मात्र उघडल्यावर डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. हवा लागली की कथील भराभर उतरतं, चव धातूची होते. काचेच्या बरणीत काढा.

तुमच्या बाबतीत मात्र तो पुरातला डबा, आंबटही नाही, आणि मनात शंका आलीय. टाका. मका परत मिळतो.

गॅलरीतला

अवांतर: डब्याच्या अंगावर वळ्या का असतात? लहानपणापासून विचारायचं होतं.

सीमवाला

शिजताना आणि थंड होताना आत-बाहेरच्या दाबात फरक पडतो, वळ्यांमुळे पातळ पत्रा चेपत नाही. झाकणावरची गोल वर्तुळं झाकणाला फुगायला आणि परत बसायला जागा देतात. म्हणून थंड झालेल्या डब्याचं झाकण दाबल्यावर टिक्-टिक् वाजलं, तर ते वाईट लक्षण.

मीठमिरी

ओट्यावरची, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला, ठेवायचे कुठे. ओट्याखाली परत नको, सिंकखाली तर मुळीच नको, तिथे ओल असते. पण पुराच्या भीतीने माळ्यावरही चढवू नका. बडोद्याच्या मे महिन्यात स्लॅबखालचा माळा भट्टी होतो. डब्यात काही उष्णताप्रेमी जंतू कारखान्यातल्या शिजवण्यातूनही जिवंत राहिलेले असतात, गारव्यात झोपून असतात, चाळिशीच्या वर जागे होतात आणि माल आंबवतात, आणि डबा फुगतही नाही. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलीच असेल, तिच्या वर आणि माळ्याच्या खाली, गॅसपासून लांब, अशी एखादी भिंत शोधा. पायांवर उभा स्टीलचा रॅक, नवे डबे मागे, जुने पुढे.

पुठ्ठ्याच्या खोक्यात डबे ठेवू नका, झुरळं तिथेच अंडी घालतात, लेबलांचा गोंदही त्यांना आवडतो. माझ्याकडे तर आता आणल्या आणल्या झाकणावर मार्करने नाव आणि मुदत. नवरा म्हणतो गोदाम वाटतं. वाटू दे.

आणि खरं सांगू का, साठाच कमी करा. रसाचे डबे वर्ष-दीड वर्षात संपवायचे असतात, फळांची चव तेवढीच टिकते. सासूबाई दर उन्हाळ्यात आणतात म्हणजे मागचे पडूनच राहत असणार.

ओट्यावरची

राहतात! दोन डब्यांवर 2021 ची तारीख निघाली. काढून टाकले, हे त्यांना सांगितलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. फुगलेला एक डबा निघालाय, मुलाने गॅलरीत ठेवलाय. कामवाल्या मावशी म्हणतात, गायीला घालते. देऊ का?

सीमवाला

अजिबात नाही! गायीलाही नको, कुत्र्यालाही नको, आणि भोकही पाडू नका, आतलं दाबाने उडतं. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून गाठ मारा, वर मोठ्या अक्षरात "खराब, खाऊ नका" लिहा, गुजरातीतही लिहा, आणि घंटागाडीवाल्याच्या हातात द्या. कोपऱ्यावर ठेवलात तर कोणीतरी पत्र्यासाठी उघडेल. हात साबणाने धुवा.