मदत हवी आहे : समक्षेत्र प्रक्षेपणाचा जगाचा नकाशा, मराठीत

नमस्कार मंडळी. नववीच्या वर्गात भिंतीवर लावायला जगाचा समक्षेत्र नकाशा हवाय, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना (यालाच प्रक्षेपण म्हणतात) क्षेत्रफळांचं प्रमाण खरं राखणारा. महाद्वार रोड पालथा घातला, पण जिकडंतिकडं मर्केटर प्रक्षेपणाचेच नकाशे! त्यात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी. १५६९ सालचं हे प्रक्षेपण दर्यावर्दींना दिशा धरायला सोयीचं, पण ध्रुवांकडं क्षेत्रफळ वारेमाप फुगतं, आणि पोरं तेच खरं धरून चालतात. मॉलवाइड किंवा गॉल-पीटर्स या समक्षेत्र प्रक्षेपणांचा नकाशा कोल्हापूर-सांगलीत कुठं मिळेल? नाहीच मिळाला तर रॉबिन्सन प्रक्षेपणाचा चालेल, तडजोड म्हणून; त्यात आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही थोडंथोडंच बिघडतं.

शिवाय पन्हाळ्याची १:५०,००० टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा) कुणाकडं आहे का? कड्यापाशी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) कशा एकमेकींना चिकटतात, ते पोरांना दाखवायचंय. झेरॉक्स काढून लगेच परत देईन.