टेनोच्टिट्लान कुणी पाडले?

धाग्याचा मूळ मुद्दा

सुमारे पाचशे स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकले, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात १३ ऑगस्ट १५२१ रोजी त्याची राजधानी टेनोच्टिट्लान (आजचे मेक्सिको सिटी) पडली तेव्हा वेढा घालणारे बहुसंख्य सैनिक त्लाक्सकाला, टेश्कोको आणि आसपासच्या इतर राज्यांचे होते. जिंकलेल्या प्रदेशांत अ‍ॅझ्टेक बहुधा स्थानिक राजालाच गादीवर ठेवत आणि कापड, कोको, पिसे अशा रूपाने खंडणी घेत, त्यामुळे निष्ठा टिकायची ती धाक असेपर्यंतच. शेजारचे शत्रुराज्य त्लाक्सकाला तर खंडणीलाही बधले नव्हते. चहूबाजूंनी कोंडी झाल्याने त्यांना मीठही दुर्मीळ झाले होते. ३० जून १५२० च्या रात्री राजधानीतून मार खाऊन पळालेला स्पॅनिशांचा सेनानी कोर्तेस त्यांच्या दाराशी आला, तेव्हा त्याला तिथेच संपवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी आसरा दिला, आणि माझ्या मते साम्राज्याचे भवितव्य तिथेच ठरले.

प्रतिसाद १

याच रात्रीचा दाखला आपल्या मताच्या विरोधात जातो. त्या रात्री कोर्तेससोबत त्लाक्सकालाचे लोकही होते आणि तरीही सगळ्यांची दाणादाण उडाली. म्हणजे मेशिका (टेनोच्टिट्लानचे अ‍ॅझ्टेक) सैन्य या युतीला पुरून उरत होते. मग बदलले काय? १५२० मध्ये किनाऱ्यावर आलेली देवीची साथ शरद ऋतूत राजधानीत पोहोचली आणि सम्राट मोक्तेझुमानंतर गादीवर आलेला, कोर्तेसला पळवून लावणाऱ्यांचा म्होरक्या क्वित्लावाक जेमतेम ऐंशी दिवसांत दगावला. फितुरी आधीही होती, देवी नव्हती.

मूळ लेखकाचे उत्तर

देवीने पक्ष पाहिला नाही. त्लाक्सकालाचा मातब्बर सरदार माशिश्कात्सिनही तिलाच बळी पडला. साथीने वेढा सोपा केला हे मान्य, पण आजारी शहराभोवती वेढा घालायला माणसे लागतातच, आणि ती समुद्रापलीकडून आली नव्हती.

प्रतिसाद २

दोघेही पाण्याला विसरलात. शहर तळ्यात होते, बांधांवरून आत शिरणाऱ्याला होड्यांतून दोन्ही बाजूंनी झोडपता येई. ही सोय कोर्तेसने १३ ब्रिगँटीन (शिडाची छोटी) जहाजे बांधून हिरावून घेतली: लाकूडकाम त्लाक्सकालात झाले, सुटे भाग हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून टेश्कोकोला नेले आणि तिथे जोडून एप्रिल १५२१ च्या अखेरीस पाण्यात सोडले. चापुल्तेपेकहून येणारी पाण्याची वाट तोडल्यावर आत खारट पाणी उरले. शिडाच्या जहाजांवर तोफा चढवण्याचे तंत्र स्पॅनिशांचेच होते; खांदे त्लाक्सकालाचे होते म्हणून कल्पना त्यांची होत नाही.

प्रतिसाद ३

एक गोष्ट मात्र मूळ लेखात सोयीस्करपणे सुटली आहे. टोश्काट्लच्या सणात, मे १५२० मध्ये, कोर्तेसचा हाताखालचा सरदार आल्वारादोने निःशस्त्र सरदारांची कत्तल केली नसती, तर कदाचित ही लढाई त्या वर्षी पेटलीच नसती. आणि त्लाक्सकाला विजेते असतील, तर नव्या स्पेनचा (तिथे उभ्या राहिलेल्या स्पॅनिश वसाहतीचा) कारभार त्यांच्या हाती का आला नाही?

मूळ लेखकाचे उत्तर

कारण १५२१ मध्ये त्यांना साम्राज्य नको होते, मेशिकांचा नाश हवा होता. राजसत्तेकडून त्यांनी काही विशेष सवलती मिळवल्या आणि १५९१ मध्ये उत्तरेच्या सीमेवर वसायला गेलेल्या त्यांच्या सुमारे ४०० कुटुंबांनाही तशाच सवलती कबूल करण्यात आल्या. आपण पुढे काय झाले त्यावरून आधीचा हिशोब मांडता. माझा प्रश्न शहर कोणामुळे पडले, एवढाच आहे.